खुर्चीत काहीच खोट नव्हती

"अन्यायापुढे माणसाने ताठ उभं राहिलं पाहिजे," असं आमच्या भाऊजींनी जाहीर केलं. वाक्य मोठं होतं आणि भाऊजी खरोखरच ताठ उभे होते. गेले काही आठवडे ते उभेच होते. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, जेवण कपाटाच्या मधल्या फळीवर ताट ठेवून उभ्याने. त्यांचं माकडहाड दुखावलं होतं आणि डॉक्टरांनी त्यांना दोनच गोष्टींची मुभा दिली होती : उभं राहणं आणि पालथं पडणं. अन्यायापुढे पालथं पडलं पाहिजे असं काही कोणाला जाहीर करता येत नाही, म्हणून त्यांनी पहिली निवडली असावी.

"ते बघू नंतर," ताई म्हणाली. "आधी डब्याचं झाकण कुठं टाकलंत ते आठवा."

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. अपघात झाला त्या दुपारी कारखान्यातला पॉलिशवाला भाऊजींना गाडीत पालथं घालून घरी घेऊन आला. त्यांच्याबरोबर त्यांचा डबाही आणला, पण झाकणाशिवाय. तो डबा आमच्या आईने ताईला दिलेला, आणि त्याच्या झाकणाची ख्याती अशी की डबा उलटा धरून हलवला तरी आतला थेंब बाहेर येत नसे. आता त्यावर बशी झाकावी लागत होती. हाड काय, आपलं आपण जुळून येईल, झाकण येणार नाही, असं ताईचं म्हणणं. पोरकी बशी ओट्यावर दिसली की ती भाऊजींकडे बघायची आणि भाऊजी खिडकीबाहेर बघायचे.

भाऊजींची नोकरी बसण्याची. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, त्यांच्या पगाराच्या कागदावरच तसं होतं : बैठक तपासनीस. ते खुर्च्यांच्या कारखान्यात होते. सुतार लाकूड जोडायचे, गादीवाले गादी ठोकायचे, पॉलिशवाला पॉलिश मारायचा, आणि शेवटी खुर्ची भाऊजींपुढे यायची. भाऊजी तिच्यावर अंग सोडून धपकन बसत. मग डावीकडे कलत, उजवीकडे कलत, पाठ टेकत, पुढचे पाय उचलून मागच्या दोन पायांवर झुलत आणि उठत. कुठे कुरकुर ऐकू आली तर खुर्ची माघारी, नाही तर खुर्चीच्या पोटाखाली खडूने बरोबरची खूण. तारुण्यापासून ते हेच करत आले होते. त्यांची खूण असलेली एकही खुर्ची कधी गिऱ्हाइकाकडून परत आली नव्हती. लग्नासाठी ताईला बघायला आले तेव्हा त्यांनी आमच्या घरच्या खुर्चीवरही असंच डावं-उजवं करून पाहिलं होतं. वडिलांना वाटलं, मुलगा अस्वस्थ दिसतोय. मुलगा कामात होता.

अशा माणसाने खुर्चीवरून पडावं, आणि तेही जेवणाच्या सुट्टीत.

सगळी भानगड त्या सुट्टीची होती. कामावर असताना पडले असते तर कायदा साधा होता : उपचार कारखान्याने करायचे आणि बरं होईपर्यंत जागा राखून ठेवायची. पण कारखान्याच्या सुपरवायझरांनी कळवलं, की सदर कामगार सुट्टीत स्वतःच्या आरामासाठी बसला होता, सबब कारखान्याचा संबंध नाही. महिनाअखेर कामावर हजर झाला नाही तर जागा भरण्यात येईल. जागा भरलीच होती म्हणा. भाऊजींच्या जागी मालकांचा एक भाचा बसत होता. भाचा वजनाने भरपूर होता, पण पॉलिशवाला सांगत होता, की तो प्रत्येक खुर्चीवर बसतो आणि उठायचं विसरतो.

हे ऐकल्यापासून भाऊजींची झोप उडाली. औषधपाण्याचं काय व्हायचं ते होवो, पण आपल्या जागेवर दुसरा माणूस बसलाय, आणि तो झुलून न बघताच खूण करतोय, हे त्यांना पालथं पडूनही सहन होईना.

"आपण वकील करू," मी म्हणालो.

घरात कायद्याचा अनुभव असलेला मीच होतो. एका प्रकरणात साक्ष द्यायला म्हणून मी दिवसभर कोर्टात बसलो होतो. संध्याकाळी कळलं, की आमचं कोर्ट शेजारच्या इमारतीत होतं. पण वातावरणाची माहिती झाली होती.

ताईने विचारलं, वकील काय घेईल. मी सांगितलं, आधी काही नाही, जिंकलो तर मिळेल त्यातला तिसरा हिस्सा. "म्हणजे यांच्या माकडहाडाचा तिसरा हिस्सा त्याचा," ताई म्हणाली आणि कणीक मळू लागली. तिच्या घरी विचार करणं म्हणजे कणीक मळणं. त्या दिवशी कणीक फार मऊ झाली, पण निर्णय झाला नाही. शेवटी असं ठरलं, की नुसतं भेटून यायला काय हरकत आहे.

वकिलाचं ऑफिस किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर होतं. जिना अरुंद होता आणि भिंतीला पाठ लावून चढावा लागला, कारण भाऊजींना मागून कोणी चढलेलं चालत नव्हतं. वकील तरुण होता, चटपटीत होता आणि बोलता बोलता कागदांना पिना मारायची त्याला सवय होती. त्याने आम्हाला बसायला सांगितलं. मी बसलो. भाऊजींनी समोरच्या खुर्चीच्या पाठीवर तळवा दाबून पाहिला, थोडी हलवली, समाधानाने मान डोलावली आणि उभे राहिले.

मी सगळी हकीकत सांगितली. वकिलाने दोन पिना मारल्या.

"पडलात तेव्हा जेवत होतात?"

भाऊजी छताकडे बघू लागले.

"छे, डबा उघडलासुद्धा नव्हता," मी म्हणालो. मला काहीच माहीत नव्हतं, पण वकिलापुढे सगळ्यांनीच गप्प राहणं बरं दिसत नाही.

"उत्तम. कोणी पाहिलं?"

कोणीच पाहिलं नव्हतं. सुट्टीत सगळे कामगार मागच्या अंगणात उन्हाला पुठ्ठे अंथरून बसतात. धपकन आवाज आला तेव्हा त्यांना वाटलं, भाऊजी कामाला लागले. उठल्याचा आवाज आला नाही म्हणून पॉलिशवाला बघायला आत गेला.

"मग काम सोपं आहे," वकील म्हणाला. "खुर्ची खराब होती. एवढं एकच वाक्य तुम्ही लिहून द्यायचं. पाय निखळलेला, सांधा सुटलेला, काय वाटेल ते. खराब वस्तू कारखान्याने ठेवली, माणूस पडला. बाकी माझ्यावर सोडा."

"खुर्ची चांगली होती," भाऊजी म्हणाले.

"अहो, चांगल्या खुर्चीवरून माणूस पडतो का?"

"खाली माझी खूण आहे तिच्या."

वकिलाने पिना मारायचं यंत्र खाली ठेवलं आणि शांतपणे समजावलं, की खुर्ची चांगली असेल तर पडण्याची चूक भाऊजींची ठरते. इतकी वर्षं बसण्याचा पगार घेणाऱ्या माणसाला बसता येत नाही, असं समोरचे म्हणतील. भाऊजींना तेही मान्य नव्हतं. त्यांना बसता येत होतं आणि खुर्चीही चांगली होती.

"मग तुम्ही पडलात कसे?"

भाऊजी पुन्हा छताकडे बघू लागले. वकिलाने मला बाजूला घेऊन सांगितलं, की अशिलाला घरी नेऊन एक वाक्य बोलायला शिकवा आणि सोमवारी घेऊन या. वाक्य येत नसेल तर आणू नका.

परतीच्या वाटेवर मी भाऊजींना नाही नाही ते बोललो. म्हणालो, खुर्ची काय तुमची मुलगी आहे, की तिला नावं ठेवली तर लग्न मोडेल. ते चालत राहिले. बसथांब्याच्या बाकाशी आल्यावर मी बसलो आणि ते माझ्यासमोर उभे राहून, इकडेतिकडे बघून, हळू आवाजात बोलले.

"कोणाला सांगू नकोस. मी तपासत नव्हतो. तपासून झालं होतं सकाळीच."

"मग?"

"अरे, आयुष्यभर हजारो खुर्च्यांवर बसलो, पण बसलो म्हणजे किती? बसलो की उठलो. पुढची. आरामात अशी एकीवरही बसलो नाही. त्या दिवशी ही आली. हातांची, उंच पाठीची. खूण केली, पण मन तिच्यातच अडकलं. सगळे बाहेर गेले तेव्हा म्हटलं, आज डबा हिच्यावर बसून खाऊ. झाकण काढलं, मांडीवर ठेवलं. दोन घास खाल्ले असतील. पाठ टेकली, थोडा झुललो, आणि झोप लागली."

"झुलताना?"

"इतकी चांगली होती रे. पडलो तेव्हा दुखलेलं नंतर कळलं. आधी झाकण घरंगळत गेल्याचं ऐकू आलं. बराच वेळ जात होतं. आता मला सांग, त्या खुर्चीला खराब म्हणू?"

बस आली. भाऊजी तिच्यातही उभेच राहिले आणि एका पोक्त बाईने त्यांना मोठ्या मनाने जागा देऊ केली, तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना.

मला ताईपासून काही लपवता येत नाही. तिने नुसतं "काय म्हणाला वकील?" एवढं विचारलं आणि मी खुर्चीवर झोप लागल्याचंही सगळं सांगून टाकलं. ती भाऊजींवर ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे झाकण खोक्यांच्या बाजूला गेलं की पॉलिशच्या?" भाऊजी म्हणाले, आवाजावरून पॉलिशच्या. मग तिने कणीक काढली. रविवारी सकाळपर्यंत घरात एवढी कणीक झाली, की पोळ्या खाऊन खाऊन ती संपेना.

माझं म्हणणं सरळ होतं : वकील करावा, भाऊजींनी डोळे मिटून ते वाक्य बोलावं, जागा परत मिळवावी आणि मग हवं तर खुर्चीची माफी मागावी. भाऊजींचं म्हणणं असं, की ज्या हाताने खूण केली त्याच हाताने खोट आहे असं लिहून दिलं, तर त्या जागेवर परत बसायला तोंड कुठलं राहणार. मी म्हणालो, बसायला तोंड लागत नाही. तेव्हापासून ते माझ्याशी बोलेनासे झाले.

"तिथं कोणीच खुर्चीवर बसत नाही म्हणता?" ताईने मध्येच विचारलं.

बसत नाहीत, हे आम्ही सगळेच ऐकून होतो. सुपरवायझरांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली एक पाटी कारखान्यात होती : खुर्च्या गिऱ्हाइकांसाठी आहेत, तपासणीखेरीज बसू नये. हा नियम हे सुपरवायझरांच्या आयुष्याचं सार्थक होतं. आपल्या काळात एकही कामगार फुकट खुर्चीवर बसला नाही, असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. त्यासाठी मालकांनी त्यांना भर सभेत भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. ते स्वतः केबिनमध्ये लोखंडी स्टुलावर बसत, आणि त्यामुळे त्यांना पाठीचं दुखणं होतं, पण तत्त्वापुढे पाठ काय.

ताईने हात धुतले. "सोमवारी वकिलाकडे जायच्या आधी कारखान्यात जाऊन येऊ," ती म्हणाली. "आणि अहो, तुम्ही तिथं तोंड उघडायचं नाही. शिंक आली तरी बाहेर जाऊन द्या."

केबिन लहान होती. भिंतीवर घड्याळ, टेबलामागे स्टूल, स्टुलावर सुपरवायझर आणि कोपऱ्यात ती खुर्ची. कोणी बसू नये म्हणून तिच्या दोन हातांमध्ये सुतळी बांधली होती. भाऊजींनी तिच्याकडे असं पाहिलं, की मी ताईपुढे जाऊन उभा राहिलो.

आम्ही आत शिरताच सुपरवायझर म्हणाले, की भांडून उपयोग नाही, नियम तो नियम.

"भांडायला नाही आलो साहेब," ताई म्हणाली. "माफी मागायला आलोय. एवढ्या वर्षांचा तुमचा नियम, आणि मोडला कोणी तर आमच्या माणसाने. मला तर शेजाऱ्यांना तोंड दाखवायला लाज वाटते."

"नियम मोडला?" सुपरवायझर म्हणाले.

"तुम्हीच कळवलंत ना. सुट्टीत, आरामासाठी, खुर्चीवर." ताईने घड्याळाकडे पाहिलं. "छान आहे हो घड्याळ. परत नाही ना मागणार मालक?"

सुपरवायझरांनीही घड्याळाकडे पाहिलं. ते चालू होतं.

"मला एक सल्ला द्या," ताई पुढे म्हणाली. "आमच्याकडे कायद्याचं कळणारं कोणी नाही." मी तिच्या शेजारीच उभा होतो. "एक वकील भेटलाय. तो म्हणतो, मालकांना बोलावू, सगळ्या कामगारांना बोलावू आणि विचारू, की या कारखान्यात आरामासाठी खुर्चीवर कोण कोण बसतं, आणि साहेब तेव्हा कुठे असतात. मला काही बरं वाटेना. म्हटलं, साहेबांनाच विचारू. करू का वकील?"

वकील असं काहीही म्हणाला नव्हता. पण मागाहून विचार करता, त्याने म्हणायला हवं होतं.

सुपरवायझर स्टुलावर थोडे डावीकडे कलले, थोडे उजवीकडे कलले. भाऊजी बारकाईने बघत होते.

"वकील कशाला," शेवटी सुपरवायझर म्हणाले. "माझ्या काळात आरामासाठी खुर्चीवर कोणीही बसलेलं नाही. कोणीही नाही."

"मग हे?"

"हे तपासत होते. उघड आहे."

"सुट्टीत?"

"काही माणसांना कामापुढे जेवण सुचत नाही, बाई. डबा उघडला नसेल त्यांनी."

"डबा घरी आलाय साहेब," ताई म्हणाली. "म्हणाल तर आणून दाखवते."

साहेबांना एवढा पुरावा पुरला. त्यांनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं. सदर कामगार जेवणाची सुट्टी असूनही, डबा न उघडता, तपासणीच्या कामात मग्न होता. इथे ते थांबले. पडण्याचं कारण लिहायला हवं होतं.

"खुर्चीत दोष आढळला, असं टाकू?"

भाऊजींच्या घशातून एक आवाज निघाला. ताईने त्यांच्या पायावर पाय ठेवला, पण तेवढ्यात साहेबांनीच मान हलवली. कारखान्याची खुर्ची, कारखान्याच्याच कागदावर, खराब कशी म्हणणार. पडायला कारण हवं होतं आणि कोणाचीच चूक व्हायला नको होती. अशा वेळी कोर्टाचं वातावरण पाहिलेला माणूस उपयोगी पडतो.

"कसून तपासणी केल्यामुळे," मी म्हणालो.

साहेबांचा चेहरा उजळला. खुर्ची निर्दोष असून, तपासणी नेहमीपेक्षा कसून केल्यामुळे कामगारास दुखापत झाली, असं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. उपचार कारखान्याकडून, बरं होईपर्यंत जागा राखीव. भाच्याला गोदामात हलवण्यात येईल, तिथे झोपण्याची सोय जमिनीवर आहे. खाली सही झाली. भाऊजींनी उभ्याने सही केली. खुर्ची निर्दोष हे शब्द त्यांनी दोनदा वाचले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांना वाटलं, कृतज्ञता.

कागद अजून टेबलावरच होता आणि पेनाचं टोपण साहेबांच्या हातात होतं. ताई दारापर्यंत पोचली होती. मी वकिलाला काय कळवायचं याची जुळवाजुळव करत होतो. एवढ्यात भाऊजी वळले, ताठ झाले आणि त्यांनी घसा साफ केला. अन्यायाबद्दल आणखी एक वाक्य येणार असं मला वाटलं. पण इतक्या आठवड्यांनी बायकोला खूश करायची संधी समोर होती, आणि ती सोडवेना.

"साहेब, एक विनंती आहे."

"बोला की."

"त्या दिवशीचं आमच्या डब्याचं झाकण आतच राहिलंय. मांडीवरून पडलं आणि पॉलिशच्या बाजूला घरंगळत गेलं. तेवढं कोणाला तरी बघायला सांगता का?"